दोन चुलींमधला डेरा

हे जगन्नायका, मातीला आकार देणाऱ्या आणि दीनांना पोटाशी धरणाऱ्या दयाघना, आधी तुझ्या चरणी माझे नमन. मग माझी कथा.

मी एक मातीचा डेरा बोलतो आहे. लहानसा, रुंद तोंडाचा, धुराने काळवंडलेला. फार बोलण्याचे त्राण आता उरलेले नाही. पण श्रोतेहो, तुम्ही बसलाच आहात, तर सांगवेल तेवढे सांगतो.

माझा जन्म करवीर नगरीच्या कुंभार गल्लीतला. माती पंचगंगेच्या काठची, हात ज्ञानू कुंभाराचा. नवे महाराज गादीवर येऊन काही वर्षे लोटली होती आणि पावसाने पाठ फिरवली होती. अशा दिवसांत मला विकत घेतले बायडाबाईने. पन्हाळ्याच्या वाटेवरील वस्तीत राहणारी ही विधवा नुकतीच बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ताच्या मंडळीत आली होती.

मंडळीतील बायकांचा एक नेम होता. चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि रविवारी ते गोरगरिबांसाठी द्यायचे. त्या मुठीसाठी मी.

बायडाबाईचे घर म्हणजे एक खोली आणि तिच्यात दोन चुली. एक तिची, दुसरी तिच्या सासूची, झुंबरबाईची. सून बाटली म्हणून म्हातारी तिच्या हातचे शिजलेले खात नसे. कोरडे जोंधळे मात्र तिच्याकडूनच घेई, स्वतः दळी, स्वतः रांधी. मला ठेवले होते दोन चुलींच्या मधोमध. दोन्हीकडची धग माझ्या वाट्याला आली, आणि दोन्हीकडचा अबोलाही.

बायडाबाई फार भोळी. पूर्वी नवसाच्या धान्याला जसे कुणी शिवत नसे, तसेच तिने मला मानले. ती मला हळदकुंकू लावी, हात जोडी. मी पडलो साधी माती. त्या मानाने मला कधी सुख झाले नाही. परक्या घरी अवघडून बसावे, तसा मी बसे.

पुढे दुष्काळ वाढला. बायडाबाई रस्त्याच्या खडीकामावर जाई, तोवर दोन्ही चुली कशाबशा पेटत. मग तिला तापाने गाठले आणि काम सुटले. ताप उतरला तेव्हा घरात दाणा नव्हता. होता तो माझ्या पोटात, तापाच्या रविवारी द्यायचा राहून साचलेला. शेजारीपाजारीही जगायला घाटाखाली निघून गेले होते. झुंबरबाईने अंथरूण धरले, तिचा आवाज खोल गेला. तरी सुनेचा हात माझ्याकडे वळेना. देवाचे धान्य खाल्ले तर पाप लागेल, असे ती म्हणे आणि रडे.

म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "बस रडत. तुझ्या देवाचं तरी प्वाट भरलं का बघ त्या डेऱ्यात."

भरलेल्या पोटाने भुकेल्यांपुढे बसण्यासारखा शीण नाही, श्रोतेहो. तो मी भोगला आहे.

रविवारी धान्य न्यायला मंडळीचे वृद्ध उपदेशक आकारामबुवा आले. त्यांनी माझ्यात डोकावले, मग अंथरुणाकडे पाहिले. रागावले नाहीत. धोतराच्या सोग्याने त्यांनी माझ्यावरचे कुंकू हळूच पुसले.

"बायडाबाई," ते म्हणाले, "देवाला भूक लागत न्हाय. भूक लागलीया ती झुंबराक्काला. आज गोरगरीब तुझ्याच घरात हायत की."

बायडाबाईने मला ओंजळीओंजळीने रिते केले आणि जात्यावर बसली. पण भरडा हातात घेऊन ती दोन चुलींच्या मध्ये उभीच राहिली. कोरडे धान्य सासूला चालले असते; रांधायला मात्र म्हातारीच्या अंगात उठण्याचे बळ नव्हते, आणि सुनेच्या हातचे तिला चालत नव्हते. चुलींमधल्या त्या वीतभर जागेत एक जीव जाणार की राहणार, हे ठरत होते.

शेवटी झुंबरबाईने भिंतीकडे तोंड केले. "माझ्या चुलीवर शिजव," ती म्हणाली. "मीठ मातुर मी घालणार."

कण्या शिजल्या. सुनेने तिला पाठीशी आधार देऊन बसवले. म्हातारीने चिमटीने मीठ टाकले, आणि मग त्या दोघी एकाच ताटलीतून जेवल्या. मी रिकामा होतो. माझ्या आयुष्यात मला सुख लाभले, ते तेव्हा.

म्हातारी जगली. तिने आपला धर्म सोडला नाही. बळ आल्यावर दोन चुली पुन्हा वेगळ्या पेटू लागल्या. मात्र रांधण्याआधी तीही आपल्या जोंधळ्यातील मूठ माझ्यात टाकी आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "ही देवाची न्हवं. ज्याला न्हाय त्याची."

आज झुंबरबाई नाही. बायडाबाई पिकली आहे. माझ्या बुडाला चीर गेली आहे आणि कोपऱ्यात पत्र्याचा नवा डबा आला आहे. त्याचा मला मत्सर नाही. मी थकलो आहे, मला माती होऊ द्या. एवढेच मागणे की मूठ काढाल तेव्हा तुम्हाला जवळचा भुकेला आधी दिसो.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला शांती लाभो. तुमच्या घराची चूल कधी थंड न पडो, आणि तिच्याजवळ बसलेले कुणी उपाशी न उठो. आमेन.