मेलं ते घर, मी नव्हे

"साहेब, काँप्युटरचा मेंदू म्हातारा होऊन मरतो का हो?"

हा प्रश्न विचारायला चांगुणाला तिच्या मैत्रिणींनी भरीला घातलं होतं. शरणम्मा आणि कडूबाई बाहेरून खिडकीच्या गजांना लटकून खुसखुसत होत्या. "इचारून दाव, मग तुला मानलं!" अशी पैज लागली होती. चांगुणा नववीतली पोर. ती कारखान्यातल्या काँप्युटरच्या खोलीत सरळ आली, सोलापूरहून आलेल्या दुरुस्तीवाल्या साहेबांसमोर उभी राहिली आणि तिनं विचारून टाकलं.

मित्रांनो, प्रश्न माझ्याविषयी होता, पण मला कुणी विचारलंच नाही! म्हणून आता मीच बोलतो. मी एक जुना प्रोसेसर आहे. काँप्युटरचा मेंदू म्हणतात तो मी. दिसायला मी काही देखणा नाही. दोन इंच लांब काळी वडी आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय. गोम समजून एखाद्यानं चप्पल उगारावी असं माझं रूप. चाळीस पाय असून मी आयुष्यात कधी चाललो मात्र नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. हो, वाळूच! तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात असते तिचीच ही सोयरी. सातासमुद्रापार तिला वितळवलं, घासलं, तिच्यावर केसाहून बारीक रेघा कोरल्या आणि मी तयार झालो. मग मला एका हिरव्या पाटीवर बसवलं. तिला मदरबोर्ड म्हणतात. ते माझं घर. वीज तिच्याकडून येते, निरोप तिच्या तांब्याच्या वाटांवरून येतात-जातात. घराशिवाय मी म्हणजे नुसती काळी वडी.

चौऱ्याऐंशी साली मी जळकोटच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात आलो. काय तो थाट! माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या. बाहेर बायका टँकरपुढं घागरी लावून उन्हात उभ्या, आणि मला मात्र गार हवेचं यंत्र. मला तेव्हाही त्याची लाज वाटायची. पण मी काम चोख करायचो. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ती पाळी लावणं हे माझं काम. दुष्काळात फडातला ऊस उभ्या उभ्या वाळतो. आठ दिवस मागंपुढं झालं की त्याचं सरपण होतं. पूर्वी म्हणे पाळी ओळखीवर लागायची. मला कुणाचं तोंडच दिसत नाही, मग ओळख कुठून येणार? ज्याची लागवड आधी त्याची तोड आधी. लोक म्हणायचे, "यंत्र हाय, पर इमानदार हाय."

त्या खोलीची झाडलोट भिमाबाई करायची. चांगुणाची आई. नवरा मच्छिंद्र कारखान्यातच उसाच्या मोळ्या उतरवायचा. भिमाबाई मला रोज कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, अगदी बाळाचं तोंड पुसावं तशी. तीन वर्षांत तिचा ओला हात मला एकदाही लागला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

सत्त्याऐंशी सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी हत्यारं पुजतात. कारखान्यात उसाचा रस काढणारा रोलर पुजला, बॉयलर पुजला, ट्रॅक्टर पुजला. मग ऑफिसचे मोठे साहेब आण्णासाहेब म्हणाले, "काँप्युटर बी यंत्रच की! त्याला का वगळायचं?" झालं! हार घातला, हळद-कुंकू वाहिलं, समोर भला मोठा नारळ फोडला. आणि रोलरवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी माझ्यावरही शिंपडलं. शिंपडलं कसलं, करवंटी उपडी केली! माझ्या पेटीला वर हवेसाठी फटी होत्या. पाणी थेट माझ्या घरात उतरलं. मी आतून ओरडत होतो, पण बाहेर आरती चालू होती. खिडकीतल्या पोरींना खोबऱ्याचा प्रसाद वाटला आणि खोलीला कुलूप लागलं.

भिमाबाई त्या पूजेला नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. दसऱ्याला ती पांढरं लुगडं नेसून धम्मचक्र दिनासाठी मुरुमला गेली होती. एकादशीला सकाळी परतली, खोली झाडली, मला कोरडं फडकं मारलं. नंतर कुणीतरी बटण दाबलं. चर्रर्र आवाज झाला, धूर आला आणि सगळं काळोखात गेलं.

"मेंदू म्हातारा झाला," आण्णासाहेब म्हणाले. "मेला. टाका भंगारात, नवा आणू." म्हातारा? तिसऱ्या वर्षी? अहो, तुमचा बैल तरी तिसऱ्या वर्षी म्हातारा होतो का?

पण नव्यासाठी वर उत्तर द्यावं लागणार होतं. जुना का गेला, कुणामुळं गेला? तेव्हा आण्णासाहेबांचं बोट फिरत फिरत भिमाबाईवर थांबलं. "ह्या बाईनं फरशी पुसताना पाणी उडवलं." हे सगळ्या ऑफिससमोर. "चौकशी हुईपर्यंत कामावर येऊ नको."

भिमाबाई म्हणाली, "साहेब, टँकर आठ दिसांनी येतो. प्यायला पुरंना, फरशीला कुठलं पानी घालू?"

कुणी ऐकलं नाही. मित्रांनो, माझा संताप तेव्हा जो उसळला तो अजून निवला नाही. एका माणसाची चूक झाकायला मला मेलेलं ठरवलं आणि एका निर्दोष बाईला घरी बसवलं!

आठ दिवसांनी त्या चौकशीसाठी सोलापूरहून चन्नबसप्पा आले. कानडी मुलखातला माणूस, मुलींना 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. त्यांनाच चांगुणानं तो पैजेचा प्रश्न विचारला. मैत्रिणींना तो थट्टेचा होता, पण तिच्यासाठी नव्हता. मेंदू आपल्या मौतीनं मेला असेल तर आई सुटणार होती, म्हणून तिनं पैज घेतली होती.

"मरतो का, तंगी? चल, बघूच," असं म्हणत त्यांनी चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

माझ्या घराची दशा बघवत नव्हती. तांब्याच्या वाटा हिरव्या पडलेल्या, दोन ठिकाणी जळून कोळसा. चन्नबसप्पांनी पाटीवर बोट फिरवलं. बोट चिकट आणि लाल. त्यांनी ते नाकाला लावलं.

"आण्णासाहेब, ह्याला आंघोळ कुणी घातली?"

"बाई फरशी पुसती. तिनंच—"

"साहेब," चांगुणा मध्येच म्हणाली, "फरशीच्या पाण्यात कुंकू कुठनं आलं?"

तेवढ्यात खिडकीतून शरणम्मा ओरडली, "नारळ लई मोठा हुता ओ! आमी बी परसाद खाल्ला!" कडूबाईनं तिला कोपरखळी मारली, पण बोलणं बोलून झालं होतं.

आण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "पूजा केली म्या. पाप न्हाय केलं."

"पूजा करा की," चन्नबसप्पा म्हणाले. "पण हा काय रोलर आहे का? रोलर लोखंडाचा बाप्या, पाणी पिऊन ढेकर देतो. ह्याचा जीव तांब्याच्या रेघेत." त्यांनी मला हळूच उपसून तळहातावर घेतलं. "आणि ऐक तंगी, हा मरत नाही लवकर. सांभाळलं तर तीस वर्षं हूं का चूं करायचा नाही. ह्याला ताप मारतो, नाहीतर माणसाचा हात मारतो. ह्याचं घर मेलंय. घर बदललं की झालं."

चौथ्या दिवशी ते नवी पाटी घेऊन परत आले. येताना निरोप धाडून भिमाबाईला आणि मच्छिंद्रला मुद्दाम बोलावून घेतलं. उपसताना माझा एक पाय वाकला होता. चन्नबसप्पांनी चांगुणाला हाक मारली. "आधी लोखंडी पेटीला हात लाव. अंगातली वीज उतरू दे." तिनं हात लावला, केसातली पिन काढली आणि श्वास रोखून माझा पाय सरळ केला. मग चाळीसच्या चाळीस पाय चाळीस भोकांवर टेकवून तिनं अंगठ्यानं मला दाबलं. टक्! मी नव्या घरात बसलो. बटण दाबलं आणि काचेवर हिरवी अक्षरं उमटली.

पोरींनी खिडकीत टाळ्या पिटल्या. आण्णासाहेब घसा खाकरून म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. बाईला उद्यापासनं ये म्हणावं."

भिमाबाई उंबऱ्यातून हलली नाही. "साहेब, बारा दिस लोकांनी माज्याकडं बोट दावलं. तुमी समद्यांपुढं बोलला हुता. आता बी समद्यांपुढं बोला."

आण्णासाहेबांनी सगळ्या ऑफिसला आत बोलावलं. मग म्हणाले, "पानी म्याच वतलं. बाईची चूक न्हाय."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादं यंत्र बंद पडलं तर लगेच ते म्हातारं झालं म्हणू नका. आधी झाकण उघडा, काय गेलंय ते बघा. जे गेलं तेवढंच बदला, जे जिवंत आहे ते जपा. पूजा करायचीच असेल तर कोरड्या फडक्यानं करा. आणि काही बिघडलं की सगळ्यांत गरीब माणसाकडं बोट करण्याआधी स्वतःचा हात ओला आहे का, ते बघा!

मच्छिंद्रनं डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं. "चला, सुटलो एकदाचं. चांगू, घरी चल."

चांगुणानं पिन पुन्हा केसात खोचली. तिच्या अंगठ्यावर माझ्या पाठीचा चौकोनी वळ उठला होता.

"माय, बा, दोगं बी ऐका. धावी झाली की म्या सोलापूरला जानार. ह्या पेट्या उघडाया आन् नीट कराया शिकनार. ह्या वक्ताला कुनी पैज लावली न्हाय. माजं म्या ठरवलंय."