हिरवा दिवा आणि माझा नकार

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. नखाएवढं माझं अंग, पण रक्तपेढीतल्या मोठ्या फ्रीजचं तापमान एकेकाळी माझ्याकडे नोंदवलं जायचं. दर पाच मिनिटांनी एक आकडा. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

नोंदीचं ते यंत्र एका इंजिनिअरने बनवलं. माझा त्याच्यावर फार जीव होता. यंत्राला माझ्याशी बोलता यावं म्हणून ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, तो त्याने स्वतः लिहिला. आधी सावकाश बोलायचं, ओळख पटली की वेग वाढवायचा, आणि प्रत्येक आकड्याला मी 'लिहिला' म्हणतो की 'नाही लिहिला', ते ऐकायचं. "गुणाचं आहे हं हे कार्ड," असं तो म्हणायचा आणि मी फुलून जायचो.

मग रक्तपेढीच्या साहेबांना यंत्र दाखवायचा दिवस आला. साहेबांना सगळं झटपट हवं, म्हणून त्याने वेग चौपट केला. मला बसवायची खाच यंत्रापासून वीतभर लांब वायरींच्या टोकाला होती. तेवढ्या लांबून, इतक्या घाईने बोललेलं मला धड कळेना. मी सारखा 'नाही लिहिला' म्हणू लागलो आणि यंत्रावर लाल दिवा लागू लागला. वेग कमी करायचा सोडून या गृहस्थाने काय करावं? माझं उत्तर ऐकणारी ओळच ड्रायव्हरमधून काढून टाकली! "नंतर परत घालतो," असं पुटपुटला. दिवा हिरवा झाला, टाळ्या पडल्या आणि ती ओळ राहून गेली.

रक्तपेढीत फ्रीज सांभाळायला एक ताई होत्या. रोज चार वेळा तापमान वहीत लिहायच्या. इंजिनिअर त्यांना म्हणाला, "ताई, वही बंद करा आता. दिवा हिरवा दिसला की नोंद झाली समजा."

त्या बिचारीने विश्वास ठेवला. मी आतून 'नाही, नाही' म्हणून घसा फोडत होतो, पण ऐकतंय कोण?

एका दुपारी फ्रीज बंद पडलेला सापडला. रक्त किती वेळ गरम राहिलं ते बघायला मला उघडलं, तर साहेबांना यंत्र दाखवल्यापासूनचे अकरा दिवस कोरे. ताईंची नोकरी टांगणीला लागली.

इंजिनिअरने मला त्याच्या टेबलावर नेऊन सावकाश वेगाने तपासलं. हजार आकडे लिहिले, एकही चुकला नाही. मग त्याने ड्रायव्हर उघडला. ओळ नव्हती. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, चला, ताई सुटल्या!

चौकशीत तो म्हणाला, "कार्ड उत्तम आहे." माझा ऊर भरून आला. पुढे म्हणतो कसा, "म्हणजे चालू यंत्रातून कोणीतरी ते ओढून काढून परत घातलं असणार, म्हणून नोंद तुटली. तिथे ताईंशिवाय कोण असतं?"

"अहो दादा, वही तुम्हीच बंद करायला लावलीत ना?" ताई म्हणाल्या.

माझ्याच चांगुलपणाचा दाखला देऊन त्याने त्या बाईला बुडवलं, तिची नोकरी गेली. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मित्रांनो, कोणी 'नाही जमलं' म्हणालं तर त्याचं तोंड बंद करू नका, एवढंच माझं मागणं आहे. मी आता त्याच्या खणात पडून असतो. ती ओळ त्याने चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी गुपचूप परत घातली. नवं कार्ड 'नाही' म्हणालं की आता लाल दिवा लागतो. ताईंना मात्र कोणी परत बोलावलं नाही.