क्रेनच्या रोजनिशीचं दोनशे सतरावं पान

प्रल्हाद देवस्थळींनी उभ्या आयुष्यात स्टेजवर पाऊल टाकलं नव्हतं, आणि तरी डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळाचं एकही नाटक त्यांच्यावाचून पार पडलं नव्हतं. ते प्रॉम्प्टर. तीस वर्षं विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. चांगल्या प्रॉम्प्टरची परीक्षा एकच, असं ते म्हणत: नटाला ऐकू गेलं पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. शिवाय त्यांचा एक हट्ट होता. लेखकाचं वाक्य गाळू द्यायचं नाही. प्रताप नावाचा हौशी हिरो जड वाक्यं बेलाशक खायचा. प्रल्हादराव तेच वाक्य तीनतीनदा पुरवायचे. तिसऱ्यांदा तो झक मारत बोलायचा.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात नोकरी सरली. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या, म्हणजे रत्नाकाकूंच्या, कामात नाक खुपसण्यापेक्षा त्यांनी दुसरा उद्योग शोधला. दोन तास उत्तरेला नदीकाठी एका जुन्या फर-व्यापाऱ्याचं ठाणं पुन्हा बांधून त्याचं म्युझियम केलं आहे. जोसाया क्रेन हे त्याचं नाव. दोनशे वर्षांपूर्वी तो तिथे अकरा हिवाळे राहिला. तिथल्या आदिवासी शिकाऱ्यांकडून बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी घ्यायची, बदल्यात कांबळी, कढया, बंदुकीची दारू द्यायची, आणि दिवस मावळायच्या आत रोजनिशी लिहायची. तिचं गिचमिड अक्षर लावून ती टाइप करायचं काम प्रल्हादरावांनी फुकटात अंगावर घेतलं.

दोन वर्षं ते क्रेनच्या संगतीत होते. माणूस काही फार मोठा नव्हता. दाढ दुखते, शाई गोठली, आजही मासाच खाल्ला, नदीवरचा बर्फ अजून फुटला नाही, असलंच सगळं. कुरकुऱ्या, हिशेबी, थोडा भित्रा. प्रल्हादरावांना तो आपल्यातलाच वाटायचा.

मग दोनशे सतरावं पान आलं. चौथ्या हिवाळ्यातलं. क्रेनने लिहिलं होतं: 'मिगिझी आला. चार कातडी. बायको आजारी म्हणून परतायची घाई होती. त्याची उरलेली कातडी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून मी त्याला रम पाजत बसवून ठेवलं.' आणि दोन दिवसांनी: 'मिगिझी नदीवर गोठलेला सापडला. त्याचा तळ हाकेच्या अंतरावर होता. त्याच्या माणसांना मी म्हणालो, तो इथे आलाच नाही. दोष माझा. हे पान मी फाडणार नाही.'

प्रल्हादरावांनी त्या दिवशी पुढे टायपिंग केलं नाही.

उन्हाळ्यात दर शनिवारी तिथे वीस मिनिटांचा प्रयोग होई. डेव्ह नावाचा रिटायर्ड पीटी मास्तर क्रेन व्हायचा आणि रोजनिशीतले उतारे बोलायचा. दाढी झकास, आवाज खणखणीत, पण पाठांतराच्या नावानं शंख. म्हणून प्रल्हादरावांना फाइल देऊन कातड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसवलं गेलं. डेव्ह अडला की गठ्ठ्यांकडे बघायचा, आणि तिकडून जे येईल ते डोळे मिटून बोलायचा.

“अहो, अमेरिकेत येऊनही विंगच का?” रत्नाकाकू म्हणाल्या. “एवढी अख्खी रोजनिशी पाठ आहे तुम्हाला. त्या डेव्हला रिप्लेस करा ना!”

“आपली जागा आपल्याला माहीत असावी,” प्रल्हादराव म्हणाले.

प्रयोगाची संहिता लिंडाची. ती म्युझियमची मॅनेजर. संहितेत चौथ्या हिवाळ्यातून क्रेन थेट वसंतात उडी मारायचा. ते पान का गाळलं, असं प्रल्हादरावांनी मीटिंगमध्ये विचारलंही. लिंडा वाईट नव्हती. ती म्हणाली, सुट्टीला लोक मुलं घेऊन येतात, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. नाटक दिग्दर्शकाचं असतं, म्हणून ते गप्प बसले. पण ते गप्प बसणं त्यांना पचलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रत्नाकाकूही सोबत आल्या होत्या. प्रल्हादराव दारात पत्रकं वाटत होते. उत्तरेकडच्या आदिवासी वस्तीतून एक बाई आपल्या म्हाताऱ्या आजीला व्हीलचेअरवरून घेऊन आली होती. तिने विचारलं, “या क्रेनच्या डायरीत मिगिझी नाव आहे का? आमचा पूर्वज. आजी सांगते, इथे यायला निघाला आणि नदीवर गोठलेला सापडला. मधे काय झालं ते आमच्यात कुणालाच कळलं नाही.”

लिंडा शेजारीच तिकिटं देत होती.

“शो झाल्यावर बोलू,” ते म्हणाले, आणि गठ्ठ्यांमागे जाऊन बसले. स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटली. ती म्हातारी नव्वदीची. सांगायला शब्द होते, ते त्यांना पाठही होते. पण पत्रकं वाटणाऱ्या म्हाताऱ्यानं कोपऱ्यात नेऊन कुजबुजायची ही गोष्ट नव्हे. ज्याचा गुन्हा, कबुली त्याच्याच तोंडून यायला हवी.

प्रयोग सुरू झाला. दाढ दुखली, शाई गोठली, लोक हसले. “त्या वर्षी...” डेव्ह म्हणाला आणि नेहमीसारखा अडकला. त्याने गठ्ठ्यांकडे पाहिलं.

फाइलमध्ये पुढचं वाक्य होतं, ‘वसंत उशिरा आला.’ प्रल्हादरावांनी फाइल मिटली.

“मिगिझी आला. चार कातडी,” ते पुटपुटले.

डेव्ह बोलून गेला. पुढचंही बोलला. रमपाशी आल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. प्रल्हादरावांनी तेच वाक्य पुन्हा पुरवलं. पहिल्या रांगेतून लिंडा उठून उभी राहिली. प्रल्हादरावांनी तेच वाक्य तिसऱ्यांदा पुरवलं, आणि या वेळी कुजबुज राहिली नाही. आवाज त्यांच्या हातातून सुटला होता.

डेव्हने डोक्यावरची फरची टोपी काढली. समोर उभी असलेली लिंडा त्याला दिसत होती. तरी तो रमचं वाक्य बोलला, नदीचं बोलला, खोटं सांगितल्याचं बोलला. “दोष माझा,” तो म्हणाला आणि पुन्हा गठ्ठ्यांकडे वळला. “पुढचं तू बोल, प्राल. मला नाही जमत.”

प्रल्हादराव उठले. गुडघे कुरकुरले. गठ्ठ्यांना वळसा घालून ते स्टेजवर आले, आणि समोर माणसं बसलेली असताना कुठे बघायचं हे त्यांना कळेना. मग त्यांना व्हीलचेअर दिसली. तिच्याकडे बघून ते आपल्या पुणेरी इंग्रजीत म्हणाले, “हे पान मी फाडणार नाही.”

टाळ्या झाल्या नाहीत. नातीने वाकून आजीच्या कानात सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. आजीने ते नाव एकदा उच्चारलं, मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश.

“कितवं पान?” नातीने विचारलं.

“दोनशे सतरा,” प्रल्हादराव म्हणाले. “चला, मूळ कागद दाखवतो.”

त्यांनी तो दाखवला. नंतर लिंडाने त्यांच्या गळ्यातलं व्हॉलंटियरचं कार्ड मागून घेतलं, आणि पुढच्या शनिवारपासून येऊ नका म्हणाली. नियम तिचा होता, मोडला त्यांनी होता.

परतताना रत्नाकाकू ड्राइव्ह करत होत्या. वाटेतलं फ्लिंट शहर मागे पडलं.

“प्रॉम्प्टिंग पार बिघडलं आज,” प्रल्हादराव म्हणाले. “आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार.”

“मी शेवटच्या रांगेत होते हो,” रत्नाकाकू म्हणाल्या. “तिथपर्यंत आला.”