दात यायच्या आत

पणजोबांच्या नावानं तिसरं पाणी सोडलं आणि वेणीमाधवरावांचा हात ताम्हनावर तसाच थांबला. काळे तीळ अंगठ्याला चिकटून राहिले होते. पुढची नावं त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. आधी आईकडची तीन, मग काका, मामा, सासरे. पण आज सर्वपित्रीच्या सकाळी जीभ पुढे सरकायला तयार नव्हती.

"बाबा, अकराची वेळ दिलीय की डॉक्टरांनी," दारातून इंद्रायणी म्हणाली.

"आईकडचं राहिलंय."

"मग करा. मी थांबते."

त्यांची मुलगी खरंच भिंतीला टेकून उभी राहिली. तिला तिसरा महिना लागला होता. दिसत काहीच नव्हतं, तरी एक हात पोटावर होता. त्या हाताकडे लक्ष गेलं आणि वेणीमाधवराव पाटावरून उठले.

"आल्यावर करतो," ते म्हणाले. अर्ध्यावर तर्पण सोडून उठण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तांब्या, ताम्हन, दर्भ, सगळं पाटाशीच राहिलं.

"वही घ्या. घराण्याची माहिती असणाऱ्याला घेऊन या म्हणाल्यात."

वही म्हणजे वंशावळ. लाल खणात गुंडाळलेली, अकरा पिढ्यांची. वेणीमाधवराव शाळेचे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उभा जन्म रजिस्टरं सांभाळण्यात गेलेला. ज्याची नोंद नाही तो माणूस नाही, असं ते ऑफिसात हसत हसत म्हणायचे आणि मनातून खरंही मानायचे. नातेवाइकांत कुणाच्या आजेसासूचं माहेरचं नाव अडलं की फोन त्यांनाच यायचा, आणि त्याचा त्यांना बऱ्यापैकी गर्व होता.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या नागव्वानं त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. "हितं बसा की आजोबा. बाई आता बोलावतीलच."

याच दवाखान्यात ते आठ वर्षांपूर्वी आले होते, इंद्रायणीच्याच हट्टानं. तिचं लग्न राजसशी ठरत होतं, आणि राजस म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, शकुंतलेचा मुलगा. आत्याच्या घरी मुलगी देणं ही सोलापुरात काही बातमी नव्हे. उलट बाहेरची सोयरीक केली तर लोक विचारतात, घरचा मुलगा काय वाईट होता? वेणीमाधवरावांचे स्वतःचे आईवडीलही असेच नात्यातले. पण इंद्रायणीनं कुठंतरी वाचलं होतं, एकदा विचारून घेऊ म्हणाली. तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न नीट, थांबून विचारला होता. दोन्ही घरांत कुणाची तान्ही मुलं गेलीत का?

वेणीमाधवरावांनी वही उघडून पानावर बोट फिरवलं होतं आणि म्हणाले होते, "नाही."

वहीत नव्हतंच. पण ते नऊ वर्षांचे असताना आईच्या मांडीवर एक भाऊ होता, आणि अकरा वर्षांचे असताना आणखी एक. दोघंही सहासात महिन्यांचे होऊन गेले. शकुंतला तेव्हा लहान, तिला काही आठवत नाही. त्यांना मात्र सगळं आठवत होतं. दुसऱ्या वेळी वडिलांच्या मागोमाग कुदळ घेऊन तेच चालत गेले होते. परत आल्यावर वडिलांनी आंघोळ केली, जेवायला बसले आणि म्हणाले, "दात यायच्या आत गेलेलं घरात मोजत नाहीत." त्यांच्या घराचा तो नियम होता. सुतक नाही, श्राद्ध नाही, नाव नाही. आई ताटात भात वाढत राहिली.

आपण खोटं बोललो नाही, वहीत होतं तेच सांगितलं, असं वेणीमाधवराव पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. मग लग्न झालं आणि मंगळवेढ्याला, राजसच्या तेव्हाच्या नोकरीच्या गावी, इंद्रायणीला अद्वैत झाला. पाचवीच्या पूजेला सटवाईनं नशीब लिहावं म्हणून वेणीमाधवरावांनी स्वतःच्या हातानं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सकाळी तो कागद घडी करून वहीत जपून ठेवला. चौथ्या महिन्यात अद्वैतला त्यांनी मांडीवर घेतलं, तर त्याची मान कोपरावरून खाली ओघळली, भावांची ओघळायची तशीच. तेव्हाही ते बोलले नाहीत. सातव्या महिन्यात मूल गेलं. कागदावर न्यूमोनिया लिहून आला.

डॉक्टर वैजयंतींनी जुनी फाइल काढली. पेन्सिलीनं काढलेली झाडासारखी आकृती, चौकोन आणि गोल, आणि कडेला बारीक अक्षरात: बालमृत्यू नाहीत. मुलीच्या वडिलांची वही पाहिली.

ती शेवटची ओळ वेणीमाधवरावांना उलट्या बाजूनंही वाचता आली.

"अद्वैतचा कागद न्यूमोनियाचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो मान धरत नव्हता, असं इंद्रायणी सांगतात. काका, तुमच्या घरात असं आणखी कुणाचं झालं असेल, तर काय शोधायचं ते मला कळेल. आधी या दोघांचं रक्त, मग पोटातल्या बाळाची तपासणी. सगळं करता येतं, पण हातात आठवडे थोडे आहेत. म्हणून परत विचारते."

पंखा कुरकुरत होता. इंद्रायणी वडिलांकडे बघत नव्हती, टेबलावरच्या कागदाकडे बघत होती.

वेणीमाधवरावांनी वहीचा खण सोडला, उघडली, आणि तो घडीचा कोरा कागद घरंगळून मांडीवर पडला. त्यांनी वही मिटली.

"दोन," ते म्हणाले. "माझे सख्खे भाऊ. माझ्या पाठची शकुंतला, तिच्या पाठचे. दोघंही तसेच. आई एका हातानं मान धरूनच पाजायची." मग श्वास घेऊन म्हणाले, "गेल्या वेळीही मला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी पेन्सिल उचलली. त्यांनी शकुंतलेच्या गोलाशेजारी दोन छोटे चौकोन काढले आणि दोन्हींवर तिरपी रेघ मारली.

"नावं?"

"नावं ठेवली नव्हती."

"ठेवली होती," इंद्रायणी म्हणाली. "माणिक आणि मनोहर."

वेणीमाधवरावांची मान सावकाश तिच्याकडे वळली. अकरा पिढ्यांची नावं मुखोद्गत असलेल्या माणसानं ही दोन नावं आज पहिल्यांदा ऐकली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एखादा दोष आईवडिलांत गप्प बसून असतो, दोघांकडून एकदम आला तरच बाळात बोलतो. नात्यात लग्न झालं की तशी गाठ पडायचा संभव वाढतो. गर्भ धरतो त्या दिवशीच ते ठरून गेलेलं असतं. वेणीमाधवराव हातातल्या कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवत ऐकत होते.

"म्हणजे पाचवीच्या आधीच लिहून झालेलं असतं," ते म्हणाले. "लिहिणारा कोण मग?"

"ते मला नाही सांगता येणार, काका. मला फक्त ते अक्षर थोडंफार वाचता येतं."

त्यांना वाटलं, वाचायला तर देवानं आपल्यालाही दिलं होतं. चांगलं ठळक, दोनदा लिहून. आपणच त्यावर हात ठेवून बसलो.

रक्त देऊन झाल्यावर कोपरात कापूस दाबून इंद्रायणी बाकावर बसली. राजस अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत येऊन रक्त देणार होता. वेणीमाधवराव तिच्या शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून.

"मी तुला फसवलं," ते म्हणाले.

तिनं कापूस उचलून बघितला, परत दाबला.

"आजीनं सांगितलं होतं मला. ती गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. शेवया वळता वळता सांगून मोकळी झाली. म्हणूनच तर मी इथं यायचा हट्ट धरला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटत होतं, तुम्ही हो म्हणाल, मग लग्न मोडेल. तुम्ही नाही म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं, बाबा. मला राजसच हवा होता."

नागव्वा झाडू मारत आली, दोघांनी पाय वर घेतले, ती पुढे गेली. वेणीमाधवरावांना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. तेवढंही धैर्य झालं नाही. चार वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत एका मुलासाठी रडले होते, तेही वेगवेगळ्या खोल्यांत.

घरी आले तेव्हा ऊन पाटापर्यंत सरकलं होतं. ताम्हनातलं पाणी तसंच, तीळ तळाशी बसलेले. वेणीमाधवराव हातपाय धुऊन पाटावर बसले. इंद्रायणी आत गेली नाही. ती पाटाशेजारी फरशीवरच बसली. या घरात बायका तिथं बसत नसत. त्यांनी तांब्या थोडा सरकवून तिला जागा करून दिली.

"आईकडची तीन राहिलीत," त्यांनी दर्भ उचलला.

"बाबा, त्याला दात आला होता."

दर्भ त्यांच्या बोटांत थांबला.

"अद्वैतला. खालचा, एकच. मला चावायचा ना तो. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, दात नव्हते, काही करायचं नसतं. मी तिथंच उभी होते."

वेणीमाधवरावांनी डोळे मिटले. शेवटच्या दुपारी त्यांनीच त्याला चांदीच्या चमच्यानं पाणी पाजलं होतं. चमचा आत कशाला तरी लागून टक् वाजला होता. इतका बारीक आवाज, पण चार वर्षं जेवताना चमचा वाटीला लागला तरी ते चमचा बाजूला ठेवून द्यायचे.

"वाजला होता," ते म्हणाले. "मला ऐकू आलं होतं."

इंद्रायणीनं मान हलवली.  मग तिनं तांब्या उचलला.

त्यांनी तिळाची चिमूट तळहातावर घेऊन हात पुढे केला, पण शब्द सुचेनात. त्यांच्या वहीत पाणी नेहमी वरच्या पिढीला जायचं. नातवाला आजोबानं पाणी द्यायचं कसं, कुठून सुरुवात करायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"वयानं घ्या," इंद्रायणी म्हणाली आणि त्यांच्या तळहातावर पाण्याची धार धरली. "आधी माणिक."