दोराचं पुढचं टोक

"बाई, पाय वर करा. असा नाही. नाल मारताना घोडा करतो तसा," सातुर्निनो म्हणाला आणि खडकावर बसलेल्या ग्रासिएलाबाईंचा बूट त्याने आपल्या गुडघ्यावर घेतला. बुटाच्या तळाला लोखंडी काटे बसवून तो पट्टे आवळू लागला.

"अडतीस वर्षं मी पहिलीतल्या पोरांच्या नाड्या बांधल्या," बाई म्हणाल्या. "आज माझ्या कुणीतरी बांधतंय."

त्यांचा भाचा रेन्सो केव्हाच काटे बांधून उभा होता. नोएमीने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"साहेब, डावा उजव्याला घातलाय. असेच चाललात तर पायात पाय अडकून लिमापर्यंत गडगडत जाल."

रेन्सो मुकाट्याने खाली बसला. नोएमी ही सातुर्निनोच्या बहिणीची मुलगी. वारास शहरात जाऊन वाटाड्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली होती, आणि गेली दोन वर्षं मामाच्या दोराला शेवटच्या टोकाला बांधून घेऊन चालत होती.

बाई डिसेंबरात निवृत्त झाल्या होत्या. नळाचं पाणी कुठून येतं हा धडा दर वर्षी फळ्यावर डोंगर काढून, त्याच्या टोकाला पांढरा खडू फासून त्यांनी शिकवला होता. खरा बर्फ मात्र कधी पाहिला नव्हता. "म्हटलं, आपण पोरांना खोटं तर सांगितलं नाही ना, एकदा बघून यावं."

"बुधवारी आमच्या शाळेचीही पोरं येतायत," नोएमी म्हणाली. "तेवीस. याच वाटेनं."

चौघं एका दोराला बांधली गेली. पुढे सातुर्निनो, मग बाई, मग रेन्सो, शेवटी नोएमी. तोंडात कोकाची पानं धरून सातुर्निनो किल्याराहूच्या हिमनदीवर चढला. तो एकसष्ट वर्षांचा होता. उमेदीची अकरा वर्षं त्याने खाणीत दगड फोडायचं यंत्र चालवलं, आणि त्यानंतरची तीस वर्षं या दोराचं पुढचं टोक.

पुढच्या माणसाचं काम नुसतं चालायचं नसतं. हिमनदीला भेगा पडलेल्या असतात आणि त्यांच्यावर पडलेल्या बर्फाचा साकव होतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो. तो भरीव की पोकळ हे कळायला पुढचा माणूस कुदळीचा दांडा बर्फात खोल खुपसतो आणि तिच्या लोखंडी डोक्याला कान लावतो. खाली जवळून पाणी वाहत असेल तर दांड्यातून ऐकू येतं. वाहतं पाणी साकव आतून खात असतं. म्हणजे तिथे पाय ठेवायचा नाही. तो ऐकत असेतोवर मागच्यांनी दोर ताणून, तोंड मिटून, जागच्या जागी उभं राहायचं. पुढे यायचं नाही, कारण एका जागी दोघांचा भार नको.

गावात वाटाडे सात होते, पण वाट ठरवणारा एकच. दर सोमवारी सातुर्निनो ऐकत ऐकत लाल फडकी रोवून यायचा आणि आठवडाभर बाकीचे त्या फडक्यांमागून पाहुणे न्यायचे. बर्फाचं तो ऐकायचा आणि गाव त्याचं ऐकायचं.

मागल्या वर्षी गावसभेत उभं राहून त्याने सांगितलं होतं, "मधला बर्फ गप्प झालाय. पाणी खोल गेलं." लोकांना आनंद झाला. कडेची जुनी वाट चढाची आणि तासभर लांबची. म्हातारीकोतारी, लेकुरवाळी माणसं तिकडून येईनात. मधून सपाट वाट निघाली तशी पाहुणे वाढले, आणि शाळेची पोरंही न्यायचं ठरलं.

तिसऱ्या साकवापाशी सातुर्निनो थांबला. फडकं होतं, तरी तो सवयीने ऐकायचाच. त्याने दांडा खुपसला, टोपीचा कानपट्टा वर केला आणि वाकला. शांत. तो उठला तेव्हा बाई त्याच्याकडे पाहत होत्या, हात वर करून परवानगी मागणाऱ्या मुलीसारख्या.

"मला ऐकू द्याल?"

"मागच्यानं पुढं यायचं नसतं, बाई."

"एकदाच."

वर्षभर गप्प असलेली जागा. शिवाय बाई शाळेतल्या. त्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने नोएमीला दोर ताणून धरायला सांगितला, स्वतः सहा पावलं मागे सरकला आणि बाईंना कुदळीपाशी सोडलं. बाईंनी गुडघे टेकले, कान लावला.

"किती पाणी आहे हो," त्या म्हणाल्या.

"काय?"

बाईंनी तोंड त्याच्याकडे वळवलं. "पाणी. शेजारच्या खोलीत कुणी नळ उघडा टाकून गेल्यासारखं."

सातुर्निनो हसला. "ते तुमचं रक्त, बाई. उंचीवर कानात वाजतं. सगळ्यांना वाटतं तसं."

"असेल." बाईंनी पुन्हा कान लावला. पहिलीच्या बाई त्या. कुणाचं सांगणं बरोबर असलं तरी पाढा पुन्हा म्हणून घ्यायची सवय. "पण हे थांबून थांबून येतंय. आधी गुडगुड, मग धार. माझं रक्त असं नाही करत."

त्याने त्यांना मागे घेतलं आणि स्वतः वाकला. उजवा कान लावला. मग डावा. घोंगडी पांघरल्यासारखी शांतता.

"नोएमी, इकडे ये. ऐक."

"मी? मामा, मागे कोण?"

"ये म्हणतो ना."

दोराची वेटोळी हातात गोळा करत ती बाजूने वर आली. तिने कान लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बोल."

"पाणी आहे, मामा."

"किती खाली?"

"फार नाही."

दात झिजतात ते जसं रोज कळत नाही, तसं कान जातो तेही कळत नाही. बायको मुन्याच्या पाल्याचा चहा ठेवून हाका मारायची आणि शेवटी चिडून खांदा हलवायची, तेव्हा त्याला वाटायचं, हिचा आवाज बसलाय. रेडिओ खरखरायचा बंद झाला, तेव्हा वाटलं दुरुस्त झाला. आणि बर्फ गप्प झाला, तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. इतक्या वर्षांनी बर्फ आपल्याला सरावला, असं.

त्याने कुदळ उपटली आणि दोन हात पुढे पुन्हा खुपसली. दांडा जोर न लावताच डोक्यापर्यंत आत गेला. खाली काही नव्हतं. याच्यावरून तो गेल्या सोमवारी चालला होता.

"आपण वरपर्यंत जाणार ना?" रेन्सोने मागून विचारलं.

"साहेब, खालपर्यंत जाऊ या आधी," नोएमी म्हणाली. मग ती मामाच्या अगदी जवळ आली. "मामा, आपण सांगू, पाणी परत आलं म्हणून. बर्फाचं काय, आज एक, उद्या एक. फडकी कडेला नेऊन लावू. कुणाला काय कळतंय?"

हे तिने त्याच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं. ती गेले कित्येक महिने आपल्याशी असंच बोलते, हे त्याच्या आता लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"घरातलं ऐकू येत नाही एवढं माहीत होतं. इथलं नाही." तिने मान खाली घातली. "मामी म्हणायची, मामा बाईमाणसांचंच ऐकत नाही. मला वाटलं, तसंच असेल."

सातुर्निनोला हसू आलं आणि ते तिथेच राहिलं. तिने सांगितलेलं सोपं होतं. सभेत कुणी एक प्रश्न विचारला नसता. तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"फडकी कडेला लावू," तो म्हणाला. "आणि तिथे कोण ऐकणार?"

नोएमीने कडेच्या वाटेकडे पाहिलं.

"बुधवारी तेवीस पोरं. पुढे मीच असणार. मी वाकणार, मला बरं वाटणार, आणि हात करणार, चला रे."

ग्रासिएलाबाई दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी फक्त रेन्सोला दटावलं, "फोन खिशात ठेव. दोर सैल पडलाय तुझा."

परत फिरताना दोराचं मागचं टोक पुढे होतं. अशा वेळी रीत अशी की मुख्य वाटाड्या आपली गाठ सोडतो, सगळ्यांना ओलांडून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे बांधून घेतो. नोएमी आपल्या जागी जाऊन त्याच्यासाठी गाठ सैल करत उभी राहिली.

"मामा, या."

"बांध ती. तूच चल."

"मी?"

"दुसरं कोण? येताना दोन साकव ओलांडलेत. दोन्ही मी ऐकलेत, म्हणजे कुणीच ऐकलेले नाहीत."

"सभेला काय सांगायचं?"

"सभेला मी सांगतो. बर्फ कधीच गप्प झाला नव्हता म्हणून." थोडं थांबून तो म्हणाला, "दांडा सरळ खुपस. तिरपा गेला की वाऱ्याचाच आवाज येतो. आणि ऐकल्यावर लगेच उठू नको. पाणी मधे मधे दम खातं."

ती मान हलवून वळली. दोर एकेकाच्या कमरेशी ताणत गेला. नोएमी, रेन्सो, बाई. सगळ्यात शेवटी त्याच्या कमरेला हिसका बसला आणि तो निघाला. वाटेत लागलेलं प्रत्येक लाल फडकं त्याने उपटून पाठपिशवीत टाकलं.

दुसऱ्या साकवापाशी नोएमीने हात वर केला. सगळे थांबले. सातुर्निनोने पाय रोवून दोर ताणून धरला आणि तोंड मिटलं. पुढे ती वाकलेली दिसत होती, टोपी बर्फाला टेकवून. वेळ गेला. रेन्सोने पाय बदलला तसं बाईंनी मागे न बघता बोट वर केलं आणि तो स्थिर झाला.

नोएमी उठली. वळून काहीतरी म्हणाली. ते त्याच्यापर्यंत आलं नाही. दोर डावीकडे गेला, तसा तो डावीकडे वळला.

नवा बर्फ होता, आणि त्यात तिघांची पावलं आधीच उमटलेली. शेवटची बाईंची, लहान आणि जवळ जवळ. त्यांच्यातच पाय ठेवायचा म्हणून सातुर्निनोने आपलं पाऊल आखूड केलं.