कोरडे सूर

कौतिकनानांचे पुढचे चार दात बुधवारी काढायचे होते. दात गेले की क्लॅरिनेट ओठांत धरता येणार नाही, हे धुळ्यातल्या सगळ्या बँडवाल्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांची मुलगी सुगंधा मंगळवारी सकाळीच जळगावहून कॉलेजचा रेकॉर्डर आणि माइक घेऊन आली. ती तिथे भौतिकशास्त्र शिकवायची आणि एका खोलीत एकटी राहायची. आई गेल्यापासून नाना इकडे एकटेच होते. दोघं कमी बोलत. बोललेच तर बहुधा वाद्यांविषयी.

बँडमालक पितांबरने त्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, मुंबईहून नवा की-बोर्ड आणला होता. एकेक सूर वेगळा मुद्रित करून त्यात भरला की पट्टी दाबताच तोच आवाज येई.

"नाना, तुम्ही घरी बसा, तुमचा आवाज वराती करील," पितांबर म्हणाला होता. "त्याले चहा बी नको, पान बी नको."

"आन नवरदेवना काकाच्या शिव्या कोन खाई?" नाना म्हणाले होते.

सुगंधाने जागा निवडली ती कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या गोदामाची. तिन्ही भिंतींना रुईचे ढीग टेकले होते. तिने टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी विझला. तिला बरं वाटलं.

नानांनी पहिला सूर काढला आणि थांबले. "आवाज परत येस नई."

"येऊ नये म्हणूनच इथे आलोय, नाना. सुरात खोलीचा घुमारा मिसळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही. सूर कोरडा घेतला, तर पुढे गल्ली आपला घुमारा आपण घालेल."

"मंग मी कोनले वाजाडू?"

तिने माइककडे बोट दाखवलं.

"कापूस बठ्ठा आवाज गिळी टाकस. बाहेर पत्रानी शेड शे, तठे चाल ना, माय."

सुगंधाने घड्याळ पाहिलं. हा एकच दिवस हातात होता. "शेडमधले सूर एकमेकांवर सांडतील. जलद वाजवलं की नुसता गोंधळ होईल."

"तू शिकेलसवरेल शे," नाना म्हणाले आणि त्यांनी वाद्य उचललं.

सव्वीस सूर, प्रत्येक चार सेकंदांचा. सवयीने ते एका सुरावरून पुढच्यावर घसरत. ती हात वर करून थांबवी. परत काहीच ऐकू येत नसल्याने ते उगाच जोर लावत. दुपारपर्यंत त्यांचे ओठ सुजले. सुगंधाचं लक्ष रेकॉर्डरच्या काट्यावर होतं. काटा स्थिर होता.

वैशाखात ती सुटीला आली. उन्हं कलताना ती नानांजवळ ओट्यावर बसली होती, तेवढ्यात पितांबरच्या बँडची वरात आली. गर्दीआडच्या गाडीवरच्या भोंग्यातून की-बोर्डमधलं क्लॅरिनेट वाजत होतं. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ, तिला हवा होता तस्सा. तिने नानांकडे पाहिलं. ते कान देऊन ऐकत होते.

"कोन वाजाडी ऱ्हायना?"

"का, नाना?"

"सूर पक्का शे." दातांवाचून त्यांचे शब्द फुसफुसत होते. "पन गल्ली सरनी, चौक उना, त्याले समजनंच नई. गल्लीमा भिंती आवाज परत देतस, तठे दबीसन वाजाडो. चौकमा मोकळं सोडो. हाऊ तं सारखाच. खोलीमा एकलाच बसेल शे जशा काई."

सुगंधाला गोदाम आठवलं. तिथे तिने माइकला काय ऐकू येतं तेवढंच तपासलं होतं. वाजवणाऱ्याला काय ऐकू येतं, हा प्रश्न तिच्या वहीत कुठेच नव्हता. आता तो सोडवायला दात नव्हते.

"पितांबरभाऊंनी नवीन माणूस आणलाय," ती म्हणाली.

"जवान शे?"

"हो."

"मंग शिकी जाई. पितांबरले सांग, त्याले एकदाव माले भेटाले धाड."

"सांगते," सुगंधा म्हणाली.