ळ म्हणजे अनंत

दलित इतिहास मूळ मराठी कागदांतून शिकवा, या मागणीसाठी संघपाल तेलुगू मुलखातल्या विद्यापीठाच्या फाटकापाशी अकरा दिवस उपाशी बसला. बाराव्या दिवशी विद्यापीठाने मागणी मान्य केली आणि सूड म्हणून शिकवायलाही त्यालाच नेमलं.

मराठी वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. संघपालनेही स्वतःला विचारलं नव्हतं. घरात परभणीची मराठी, शाळेत तेलुगू आणि नावापुरती हिंदी. मोर्चातल्या घोषणा तो तेलुगू लिपीत लिहून घ्यायचा.

पहिल्या तासाला नऊ मुलं होती. एक नांदेडची शिवानी, बाकी तेलुगू. संघपालने परभणीचं एक जुनं पत्रक वाटलं. मथळा होता ‘आमची चळवळ’.

‘‘आमची च...’’ तो अडखळला. च, मग आडवा आठ. व, पुन्हा आडवा आठ. हिंदीच्या पुस्तकात हे कधी भेटलं नव्हतं. पण गणितात भेटलं होतं.

‘‘आमची चव,’’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘‘आणि हे अनंताचं चिन्ह. दोनदा. म्हणजे लढ्याची चव कधी संपत नाही.’’

यावर तो वीस मिनिटं बोलला. चांगलं बोलला, हीच पंचाईत. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

तास संपल्यावर शिवानी टेबलापाशी आली. ‘‘सर, ते चळवळ आहे ना? तो ळ आहे.’’

ज्या शब्दावर पाच वर्षं त्याने घसा फोडला, तो आज पहिल्यांदा लिहिलेला समोर आला होता आणि संघपालने ओळख दिली नव्हती.

‘‘हौ, मालूम है,’’ संघपाल म्हणाला. ‘‘मुद्दाम तसं सांगितलं.’’

‘‘बरं सर. मग परीक्षेत अनंतच लिहू?’’

त्याला फोन आला. म्हणजे आला नव्हता, पण त्याने उचलला.

घरी दिलसुखनगरला त्याने आपल्या मायला, सरुबाईला, सगळं सांगितलं. ती चाळिशीत बुद्धविहारात अक्षरं शिकलेली.

‘‘आरं, मला ळ येत नव्हता तवा मी ‘येत नाही’ म्हनले,’’ ती म्हणाली. ‘‘वीस मिंटं भाषण नाही ठोकलं.’’

मग तिने त्याच्याकडून ळ पन्नास वेळा गिरवून घेतला.

पुढच्या तासाला संघपालने फळ्यावर मोठा ळ काढला. ‘‘मागच्या वेळी सरांनी तुम्हाला चुकीचं शिकवलं. सर म्हणजे मी. मला हे अक्षर येत नव्हतं. शिवानीने दाखवलं, तर तिच्याशीही खोटं बोललो.’’

कुणीतरी विचारलं, ‘‘सर, अनंत खोडू?’’

‘‘खोडा.’’

खोडरबर घासल्याचे आवाज सुरू झाले. संघपाल बाकांमधून फिरत शिवानीपाशी थांबला. ती खोडत नव्हती. तिच्या वहीत ‘ळ म्हणजे अनंत’ होतं, पेनाने लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेलं.

‘‘तुला तर येत होतं,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘हौ सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुम्ही अकरा दिवस उपाशी बसला होता. मला वाटलं, माझंच चुकलं असेल.’’